माहितीशास्त्राचे विखुरलेले क्षेत्र आणि त्याच्या एकीकरणाचा प्रश्न : कतारगामच्या हिरे-व्यवसायाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

'माहिती' हा शब्द आज जवळजवळ प्रत्येक विद्याशाखेच्या अभ्यासक्रमात आढळतो. ग्रंथालयशास्त्राच्या विभागांनी आपल्या नावापुढे 'व माहितीशास्त्र' अशी जोड दिली आहे. संगणक विभाग 'माहिती तंत्रज्ञान' शिकवितो, वाणिज्य शाखेत 'व्यवस्थापकीय माहिती प्रणाली' हा विषय असतो, पत्रकारितेत माहितीचे संकलन व संपादन येते, तर संख्याशास्त्रात माहितीचे विश्लेषण. एकाच शब्दाभोवती एवढ्या शाखा उभ्या असूनही त्यांचा परस्परांशी संवाद मात्र फार थोडा आहे. प्रत्येक शाखेची परिभाषा वेगळी, पाठ्यपुस्तके वेगळी आणि संशोधनपत्रिकाही वेगळ्या.

कम्युनिटी कॉलेजमध्ये या विखुरलेपणाचा परिणाम अधिक ठळकपणे जाणवतो. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा अभ्यासक्रम घेऊन रोजगाराकडे वळणारा विद्यार्थी ग्रंथालय सहायकाच्या वर्गात 'नोंद' शिकतो, संगणकाच्या वर्गात 'रेकॉर्ड' शिकतो आणि हिशेबाच्या वर्गात 'खतावणी' शिकतो. या तिन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. परिणामी एका ठिकाणी मिळविलेले कौशल्य त्याला दुसऱ्या ठिकाणी वापरता येत नाही.

प्रस्तुत लेखात माहितीशास्त्राचे क्षेत्र कसे विखुरले, त्याच्या एकीकरणाचे कोणते मार्ग सुचविले गेले आणि त्यांपैकी कोणता मार्ग अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त ठरतो, याचा विचार केला आहे. हे विवेचन केवळ सैद्धांतिक पातळीवर राहू नये म्हणून सुरत शहरातील कतारगाम या भागातील हिरे-व्यवसायाचे उदाहरण आधारासाठी घेतले आहे.

विखुरलेपणाचा इतिहास

माहितीशास्त्राचा उगम एका ठिकाणी झालेला नाही. त्याचे किमान तीन प्रवाह स्पष्टपणे दिसतात.

पहिला प्रवाह प्रलेखनाचा. पॉल ओत्ले व आँरी ला फोंतेन या दोन बेल्जियन विद्वानांनी १८९५ मध्ये ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची संस्था स्थापन केली. जगात छापल्या गेलेल्या सर्व साहित्याची नोंद कार्डांवर करावयाची, असा त्यांचा संकल्प होता आणि पुढील काही दशकांत या कार्डांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. सार्वत्रिक दशांश वर्गीकरण ही याच प्रयत्नाची देणगी होय. अमेरिकेत १९३७ मध्ये अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. १९६८ मध्ये तिने नाव बदलून अमेरिकन सोसायटी फॉर इन्फर्मेशन सायन्स असे केले. त्याच वर्षी हॅरॉल्ड बोर्को यांचा माहितीशास्त्राची व्याख्या करणारा प्रसिद्ध लेख आला. म्हणजेच 'प्रलेखन' या शब्दाची जागा 'माहितीशास्त्र' या शब्दाने अधिकृतपणे घेतली.

दुसरा प्रवाह अभियांत्रिकीचा. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. तारेवरून जाणारा संदेश किती जागा घेतो, हा त्यांचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाशी आपल्या सिद्धांताचा संबंध नाही, हे त्यांनी आरंभीच सांगितले होते. तरीही 'माहितीचे मोजमाप' हाती आल्याच्या आनंदात मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेकांनी हा सिद्धांत आपापल्या क्षेत्रात नेला. स्वतः शॅनन यांनीच १९५६ मध्ये एका छोट्या टिपणात या घाईविरुद्ध इशारा दिला.

तिसरा प्रवाह ग्रंथालयांचा. भारतात त्याची एक महत्त्वाची सुरुवात सुरतच्या शेजारच्या बडोदे संस्थानात झाली. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्गही तेथेच सुरू झाला. १९१२ मध्ये निघालेले 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत मजकूर देत असे. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले गणिताचे प्राध्यापक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध करून या प्रवाहास शास्त्राची बैठक दिली.

हे तीन प्रवाह एकाच शब्दाखाली आले, परंतु एकमेकांत मिसळले नाहीत. फ्रिट्झ माख्लुप व उना मॅन्सफिल्ड यांनी १९८३ मध्ये माहितीचा अभ्यास करणाऱ्या निरनिराळ्या शाखांतील विद्वानांचे लेखन एका ग्रंथात एकत्र केले. त्यातून जे चित्र पुढे आले ते एका शास्त्राचे नव्हते. एकमेकींच्या शेजारी राहणाऱ्या अनेक शास्त्रांचे ते चित्र होते.

कायद्यातील 'माहिती'

हा केवळ विद्वानांतील वाद आहे असे समजण्याचे कारण नाही. भारतातील दोन कायदे पाहिले तरी ही अडचण ध्यानात येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये 'माहिती' या संज्ञेत विदा, मजकूर, प्रतिमा, ध्वनी, संकेत, संगणकीय कार्यक्रम, विदासंच इत्यादींचा समावेश केलेला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये मात्र अभिलेख, दस्तऐवज, टिपणे, अभिप्राय, परिपत्रके, आदेश, करार, अहवाल यांच्याबरोबर 'नमुने' आणि 'प्रतिकृती' यांनाही माहितीच म्हटले आहे. म्हणजे रस्त्याच्या कामात वापरलेल्या खडीचा नमुना हा दुसऱ्या कायद्यानुसार स्पष्टपणे माहिती ठरतो, पण पहिल्या कायद्याच्या यादीत त्याला स्थान नाही.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दोन्ही कायद्यांनी माहिती म्हणजे काय हे सांगण्याऐवजी माहितीत काय काय येते याची यादी दिली आहे. मूळ कल्पनेवर एकमत नसले की व्याख्येची जागा यादी घेते.

कतारगाम : एका खड्याचा प्रवास

सुरत शहराच्या उत्तरेकडील कतारगाम हा भाग, शेजारच्या वराछाप्रमाणेच, हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुसंख्य हिरे सुरतमधून जातात. १९७८ मध्ये स्थापन झालेली इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षण संस्थाही कतारगामच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. व्यवसायाची बोली गुजराती असली तरी शहर बहुभाषिक आहे. महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू व इंग्रजी या माध्यमांतूनही चालत आल्या आहेत.

येथील कारखान्यात येणारा कच्चा हिरा प्रथम वजन करून कागदाच्या पुडीत ठेवला जातो. पुडीवर लॉटचा व पॅकेटचा क्रमांक आणि कॅरेटमधील वजन लिहिले जाते. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि कॅरेटचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. त्यानंतर खड्याची संगणकीय तपासणी होते. यंत्र खड्याचा आकार व त्यातील दोष यांचा त्रिमितीय नकाशा तयार करते आणि त्यावरून कोणत्या रेषेवर कापल्यास अधिक मूल्य मिळेल याचे पर्याय सुचविते. पुढे लेसरने कापणे, घाट देणे, आणि मग घंटीवर मथाळे व तळियुं यांचे पैलू पाडणे ही कामे होतात. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्यास मथाळ्याकडे ३३ आणि तळाकडे २४ असे एकूण ५७ पैलू असतात. प्रत्येक टप्प्यावर पुडी उघडते, वजन होते, नोंद होते आणि पुडी पुन्हा बंद होते. तयार हिरा प्रयोगशाळेत जातो, त्यास प्रतवारीचे प्रमाणपत्र मिळते आणि काही वेळा प्रमाणपत्राचा क्रमांक लेसरने हिऱ्याच्या कडेवर कोरलाही जातो.

या प्रवासात माहिती नेमकी कोठे आहे? निरनिराळ्या शाखांचे अभ्यासक निरनिराळी उत्तरे देतील.

ग्रंथपाल म्हणेल, माहिती पुडीवरील नोंदीत आहे. कडेवर कोरलेला क्रमांक हा त्याच्या दृष्टीने ग्रंथाच्या दाखल क्रमांकासारखाच आहे. संगणकतज्ज्ञ म्हणेल, माहिती त्रिमितीय नकाशाच्या फाइलमध्ये आहे. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणेल, माहिती भावात आहे, कारण विकणाऱ्यास ठाऊक असलेली व घेणाऱ्यास ठाऊक नसलेली गोष्टच सौदा ठरविते. आणि घंटीवर बसलेला रत्नकलाकार म्हणेल की माहिती त्याच्या बोटांत व डोळ्यांत आहे. खडा कोणत्या दिशेने 'चालतो' व कोणत्या दिशेने अडतो, हे त्यास सरणीवर टेकविताच कळते, पण ते शब्दांत सांगता येईलच असे नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये ज्यास अव्यक्त ज्ञान म्हटले, ते हेच.

या चारही उत्तरांत तथ्य आहे. मायकेल बकलंड यांनी १९९१ मध्ये केलेली विभागणी येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते 'माहिती' हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो : वस्तू म्हणून माहिती, ज्ञान म्हणून माहिती आणि प्रक्रिया म्हणून माहिती. पुडीवरील नोंद, नकाशाची फाइल व प्रमाणपत्र ही वस्तुरूप माहिती. रत्नकलाकाराचे कसब ही ज्ञानरूप माहिती. आणि प्रतवारी करणाऱ्याने भिंगातून पाहून एखादा निर्णय घेणे, ही प्रक्रियारूप माहिती. ग्रंथालये व संगणक प्रणाली यांना प्रत्यक्ष हाताळता येते ती केवळ पहिली.

फ्रेंच प्रलेखनतज्ज्ञ सुझान ब्रिए यांनी १९५१ मध्ये यापुढचे पाऊल टाकले होते. नदीच्या पात्रातील गोटा हा दस्तऐवज नव्हे, परंतु संग्रहालयात क्रमांक देऊन ठेवलेला दगड हा दस्तऐवज होय, असा त्यांचा विचार. वस्तू कोणत्याही प्रकारची असो, ती पुराव्यासाठी निवडली, नोंदली व व्यवस्थेत ठेवली की दस्तऐवज बनते. या दृष्टीने क्रमांकित पुडीत बंद झालेला कच्चा खडा हा स्वतःच दस्तऐवज आहे. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांमुळे हा विचार आता थेट बाजाराशी जोडला गेला आहे. नैसर्गिक व प्रयोगशाळेतील हिरा दोन्ही कार्बनचेच असतात व नुसत्या डोळ्यांनी त्यांतील फरक ओळखता येत नाही. यंत्राने तपासून केलेली नोंद आणि खड्याच्या उगमाची साखळी हाच दोहोंतील भेदाचा आधार ठरतो. म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या खड्यांच्या किमतीतील फार मोठे अंतर कागदावर तोललेले असते.

मोजमापाची शक्ती आणि मर्यादा

शॅनन यांच्या मोजमापाचे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर याच उदाहरणातून देता येते. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेच्या पद्धतीत नैसर्गिक हिऱ्याच्या रंगाच्या 'डी' ते 'झेड' अशा २३ श्रेणी आहेत आणि निर्मळतेच्या ११ श्रेणी आहेत. रंग व निर्मळता यांच्या एकूण जोड्या २३ गुणिले ११ म्हणजे २५३ होतात. सर्व जोड्या सारख्याच संभवनीय मानल्या, तर त्यांपैकी एक सांगण्यासाठी सुमारे ७.९८ बिट लागतात. आठ बिटांचा एक बाइट २५६ पर्याय दाखवू शकतो. तेव्हा कोणत्याही हिऱ्याचा रंग व निर्मळता संगणकाच्या एका बाइटमध्ये मावते.

हे गणित वर्गात अवश्य करून दाखविण्यासारखे आहे. संकेतन, साठवण व प्रेषण यांचा पाया विद्यार्थ्यास त्यावरून कळतो. याच सिद्धांताचा दुसरा भागही सोपा आहे : जी श्रेणी चारांतून एकदा येते ती कळल्याने २ बिट माहिती मिळते, आणि जी १०२४ मधून एकदा येते ती कळल्याने १० बिट. दुर्मीळ गोष्ट अधिक माहिती देते.

परंतु मर्यादाही त्याच क्षणी दिसते. अत्यंत निर्मळ हिरा व अत्यंत सदोष हिरा हे दोन्ही सारखेच दुर्मीळ असतील, तर या मोजमापाने त्यांची माहिती सारखीच भरते. एक मालकाचे घर उजळतो व दुसरा नुकसान करतो, याच्याशी बिटांना कर्तव्य नाही. संदेशाचे आकारमान आणि संदेशाचे मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून केवळ या एका सिद्धांतावर सर्व माहितीशास्त्र उभे करता येत नाही.

एकीकरणाचे मार्ग

रफाएल कपुरो यांनी या प्रश्नातील पेच तीन पर्यायांच्या रूपाने मांडला आहे. 'माहिती' या शब्दाचा अर्थ सर्व क्षेत्रांत तंतोतंत एकच मानावा, तर क्षेत्राक्षेत्रांतील खरे भेद पुसले जातात. अर्थ केवळ साम्याने जोडलेले मानावेत, तर मूळ अर्थ कोणता हे ठरविता येत नाही. आणि अर्थ पूर्णपणे भिन्न मानावेत, तर शाखांमध्ये बोलणेच संपते. या पेचातून बाहेर पडण्याचे प्रयत्न मुख्यतः तीन प्रकारचे झाले.

पहिला प्रकार एका सर्वव्यापी सिद्धांताचा. ब्रिटिश अभ्यासक बर्ट्रॅम ब्रूक्स यांनी १९८० मध्ये माहितीशास्त्राचे मूलभूत समीकरण म्हणून एक मांडणी केली. व्यक्तीच्या ज्ञानाच्या रचनेत नवी माहिती मिळविली की ती रचना बदलते, असा त्याचा आशय. कल्पना आकर्षक आहे, परंतु ज्ञानाची रचना मोजावी कशी, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. कतारगामच्या रत्नकलाकाराच्या बोटांतील ज्ञानाचे एकक अद्याप कोणाला सापडलेले नाही.

दुसरा प्रकार संस्थात्मक विलीनीकरणाचा. भारतात १९५२ मध्ये स्थापन झालेले इन्सडॉक हे प्रलेखन केंद्र २००२ मध्ये विज्ञानसंज्ञापनाच्या संस्थेशी जोडले गेले व निस्केअर ही संस्था झाली. २०२१ मध्ये निस्केअर पुन्हा दुसऱ्या एका संस्थेशी जोडली गेली. परदेशात २००५ मध्ये माहितीविषयक विद्यालयांचा संघ स्थापन झाला. अशा एकत्रीकरणामुळे इमारत व प्रशासन एक होते, पण विचार आपोआप एक होत नाहीत. विभागाच्या पाटीवर दोन नावे 'व' या अक्षराने जोडली, तरी आत दोन अभ्यासमंडळे शिल्लक राहतात.

तिसरा प्रकार रंगनाथन यांच्या विचारातून सुचतो. नवे विषय कसे जन्मतात याचा अभ्यास रंगनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने केला होता. दोन विषय पूर्णपणे एकजीव होऊन तिसरा बनतो, त्यास त्यांनी संमीलन म्हटले. जीवरसायनशास्त्र हे त्याचे उदाहरण. निरनिराळे विषय एखाद्या समान वस्तूभोवती नुसते एकत्र बांधले जातात, तो विषयगुच्छ. सागरविज्ञान हे त्याचे उदाहरण. आणि अनेक क्षेत्रांत प्रत्यक्ष कामात वापरल्या जाणाऱ्या कल्पना गाळून काढून त्यांपासून स्वतंत्र विषय तयार होतो, ते ऊर्ध्वपातन. कारखाना, रुग्णालय, शाळा यांच्या कारभारातून व्यवस्थापनशास्त्र असेच निघाले.

आजचे माहितीशास्त्र हे बव्हंशी विषयगुच्छ आहे. त्याचे संमीलन व्हावे, ही अपेक्षा अवास्तव वाटते, कारण संदेशवहनाचे गणित आणि वाचकसेवा यांना एकजीव करता येत नाही. मात्र ऊर्ध्वपातन शक्य आहे. सर्व शाखांत प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या मोजक्या कल्पना वेगळ्या काढून त्यांना समान नावे द्यावीत आणि उरलेला विस्तार ज्या त्या शाखेकडे राहू द्यावा, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

'पैलू' : एक समान कल्पना

या मार्गाचे उत्तम उदाहरण मराठीतील एका शब्दातच दडलेले आहे. रंगनाथन यांनी विषयाचे विश्लेषण करण्यासाठी जी संज्ञा घेतली, तिला मराठीत पैलू म्हणतात, आणि हिऱ्यालाही पैलूच असतात. एखादा विषय व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश व काल या पाच मूलभूत प्रवर्गांत पाहावा आणि प्रत्येक पैलूस स्वतंत्रपणे संकेत द्यावा, ही द्विबिंदू वर्गीकरणाची पद्धत. पूर्वीच्या वर्गीकरणात प्रत्येक विषयाची जागा आधीच ठरलेली असे. रंगनाथन यांनी जागा ठरविण्याऐवजी जागा तयार करण्याचे नियम दिले.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संगणकासाठी संबंधाधारित विदासंचाची मांडणी केली. तीत वस्तूचे गुणधर्म तक्त्याच्या स्तंभांत मांडले जातात. कतारगाममधील कारखान्याचा संगणक आकार, वजन, रंग, निर्मळता असे स्तंभ ठेवतो. हिरे विकणाऱ्या संकेतस्थळावर ग्राहक याच गुणांनी यादी गाळून घेतो. ग्रंथालयाच्या तालिकेत वाचक लेखक, विषय, भाषा व वर्ष यांनी शोध घेतो. ग्रंथपाल ज्यास पैलू म्हणतो, संगणकतज्ज्ञ ज्यास स्तंभ म्हणतो आणि व्यापारी ज्यास तपशील म्हणतो, ती कल्पना मूलतः एकच आहे. हे एकदा समजले की ग्रंथालय सहायकास विदासंच परका वाटत नाही आणि संगणकाच्या विद्यार्थ्यास वर्गीकरण कंटाळवाणे वाटत नाही.

बंगळुरू येथे १९६२ मध्ये रंगनाथन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली काम करते, हेही या संदर्भात लक्षणीय आहे. ग्रंथालयशास्त्र व संख्याशास्त्र यांचे शेजार येथे साठ वर्षांहून अधिक काळ टिकले, आणि त्यासाठी कोणाला आपले नाव सोडावे लागले नाही.

अध्यापनातील उपयोजन

वरील विवेचनाच्या आधारे कम्युनिटी कॉलेजमधील सर्व माहितीविषयक अभ्यासक्रमांसाठी एक समान घटक तयार करता येईल. त्यात पाच कल्पना पुरेशा आहेत.

१. ओळख : प्रत्येक वस्तूस एकमेव क्रमांक हवा. ग्रंथाचा दाखल क्रमांक, हिऱ्याच्या पॅकेटचा क्रमांक, विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक ही याची उदाहरणे.

२. वर्णन : वस्तूचे कोणते गुण नोंदवायचे व कोणत्या प्रमाणात, हे आधी ठरवावे लागते.

३. वर्गीकरण : समान गुणांच्या वस्तू एकत्र आणण्याचे नियम. येथे पैलूंची कल्पना येते.

४. शोध : हवी ती वस्तू मिळणे आणि नको त्या वस्तू न मिळणे, या दोन कसोट्यांवर व्यवस्था तपासावी.

५. उगम व विश्वास : ही नोंद कोणी केली, केव्हा केली, मध्ये कोणी बदलली, याची साखळी.

या पाच कल्पना शिकविण्यासाठी नवीन विभाग किंवा नवीन पद लागत नाही. ग्रंथालय, संगणक व वाणिज्य या तीन विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून एकच उदाहरण निवडावे व प्रत्येकाने आपल्या तासाला त्याचा आपला भाग शिकवावा. उदाहरण स्थानिक असावे. सुरतमध्ये हिरा घेता येईल, मालेगाव किंवा भिवंडीत यंत्रमागाचा तागा घेता येईल, किनारपट्टीवर मासळीचा लिलाव घेता येईल. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा २०२३ मध्ये जाहीर झाला असून एका अभ्यासक्रमातील श्रेयांक दुसरीकडे नेण्याची कल्पना त्यात आहे. समान घटक असल्यास या तरतुदीस प्रत्यक्ष अर्थ येईल.

परिभाषेबाबत विशेष काळजी घेणे आवश्यक आहे. बहुभाषिक वर्गात विद्यार्थी घरी एक शब्द, कामावर दुसरा व पुस्तकात तिसरा वापरतो. गुजराती 'मथाळुं', मराठी 'मथाळे' व इंग्रजी 'क्राउन' हे एकाच भागाचे शब्द आहेत, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणे हाच समानार्थी शब्दांच्या नियंत्रणाचा पहिला धडा ठरतो. ग्रंथालयातील विषयशीर्षकांची यादी हेच काम मोठ्या प्रमाणावर करते.

आक्षेप आणि मर्यादा

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. समान घटकामुळे विषयाची खोली कमी होईल, हा पहिला. परंतु येथे सुचविलेला घटक हा अभ्यासक्रमाचा पाया आहे, संपूर्ण अभ्यासक्रम नव्हे. संगणकाच्या विद्यार्थ्याने गणित व ग्रंथालयाच्या विद्यार्थ्याने वाचकसेवा सविस्तर शिकावीच लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाचही कल्पना वस्तुरूप माहितीच्या आहेत. ज्ञानरूप माहिती त्यांत येत नाही. कतारगाममध्ये याचा अर्थ फार स्पष्टपणे दिसतो. वीस-पंचवीस वर्षे घंटीवर बसलेल्या रत्नकलाकाराच्या हातून गेलेल्या खड्यांची प्रमाणपत्रे जगभर फिरत असतात. त्याच्या स्वतःच्या कौशल्याचा मात्र अनेकदा एकही कागद नसतो. २००८-०९ च्या मंदीत सुरतमधील अनेक कारागिरांना काम सोडून सौराष्ट्रातील गावी परतावे लागले. अशा वेळी नव्या ठिकाणी आपण काय जाणतो हे दाखविण्यास त्यांच्याजवळ तोंडी सांगण्यापलीकडे काही नसते. खड्याला प्रतवारी मिळते, पैलू पाडणाऱ्याला मिळत नाही.

पूर्वप्राप्त कौशल्यास मान्यता देण्याच्या शासकीय योजना आता अस्तित्वात आहेत व कम्युनिटी कॉलेजे त्यांत सहभागी होऊ शकतात. मात्र ही मान्यता देणे म्हणजे अव्यक्त ज्ञानाचे वर्णन करणे होय, आणि तो माहितीशास्त्राचाच प्रश्न आहे. कारागिराचे कौशल्य कोणत्या पैलूंत मांडावे, त्याची पातळी कशी ठरवावी, साक्ष कोणाची ग्राह्य धरावी, हे ठरविताना ग्रंथपालाचे वर्णनशास्त्र, संगणकतज्ज्ञाची रचना, व्यापाऱ्याची पारख व कारागिराचा स्वतःचा शब्द या चौघांचीही गरज लागते. यांपैकी कोणतीही एक शाखा हे काम एकटीने करू शकत नाही.

समारोप

माहितीशास्त्र विखुरले गेले याचे कारण त्याचे प्रवाह निरनिराळ्या गरजांतून निघाले, हे होय. त्यांना एका सूत्रात कोंबण्याचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत, आणि केवळ संस्था जोडल्यानेही हेतू साध्य झाला नाही. समान कल्पना गाळून घेणे, त्यांना समान नावे देणे आणि स्थानिक उदाहरणांतून त्या शिकविणे, हा मर्यादित पण शक्य असलेला मार्ग आहे. त्याची सुरुवात विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापेक्षा कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षक-कक्षात होणे अधिक सोपे आहे, कारण तेथे ग्रंथालय, संगणक व वाणिज्य यांचे शिक्षक बहुधा एकाच टेबलाभोवती बसतात. त्यांनी आपापल्या विषयातील 'नोंद' या शब्दाचा अर्थ एकमेकांस समजावून सांगितला, तर एकीकरणाचे पहिले काम तेथेच झाले असे म्हणता येईल.